लेकीला स्पायडरमॅन २ (२००४) दाखवायचाय: साधा की २.१?

सायली_क
लेक दहा वर्षांची आहे. स्पायडरमॅनचे नवे सिनेमे तिचे बघून झालेत, आता टोबी मॅग्वायरवाला दाखवायचाय. मला स्वतःला त्यातला दुसरा भाग फार जवळचा. आधी २००२ चा पहिला दाखवावाच लागेल का? साधा लावू की वाढीव २.१? आणि तो ऑपरेशनचा प्रसंग तिला झेपेल का?

शेवटची_रांग
पहिला आधी दाखवाच. पीटरचा, म्हणजे स्पायडरमॅनचा, बेनकाका कसा गेला हे पोरीने पाहिलेलं नसेल, तर दुसऱ्या भागात पीटर बेनच्या बायकोसमोर, मेकाकूसमोर, बसून खरं सांगतो तेव्हा काकू उठून जाते, हात सोडवून घेते, ते पोरीला लागणारच नाही. माझ्या मते अख्ख्या सिनेमाचा कणा तिथे आहे.

आवृत्ती साधीच लावा. २.१ जेमतेम आठ मिनिटांनी मोठी आहे, पण दिग्दर्शक सॅम रेमीने मूळ सिनेमा इतका नेटका बांधलाय की भर घातलेली जाणवते. लिफ्टचाच प्रसंग घ्या. शक्ती गेलेला स्पायडरमॅन पोशाखात लिफ्टने खाली येतोय, शेजारी एक अनोळखी माणूस. मूळ आवृत्तीतली ती अवघडलेली शांतताच खरी गंमत आहे, २.१ मध्ये तिथे बडबड वाढवलीय.

मला हा सिनेमा आजही सगळ्यात वरचा वाटतो तो पैशांमुळे. पीटरचं भाडं थकलंय, पिझ्झा पोचवायची नोकरी गेलीय. मेकाकूचं घर बँक घेणार आहे, तरी ती वाढदिवसाचे म्हणून वीस डॉलर त्याच्या हातात कोंबते. तो नको म्हणतो तर चिडते, आणि लगेच तिला रडू येतं. मेकाकू झालेल्या रोझमेरी हॅरिसने काय केलंय ते! एवढ्या ओझ्याखाली पोराची जाळी सुटेनाशी होते, हे पटतंच. त्यात खलनायकाची काहीच करामत नाही.

मिठबावकर
२.१ साठी माझं एक मत. पेपरचा संपादक जेमसन ऑफिसात स्पायडरमॅनचा पोशाख घालून उड्या मारतो ते फक्त त्यात आहे, मुलं खूश होतात. सिनेमा साधाच दाखवा, तेवढा तुकडा नंतर वेगळा लावा.

रात्रपाळी
ऑपरेशनबद्दल: रेमी मूळचा भयपटवाला, आणि इथे त्याने हात मोकळा सोडलाय. डॉक्टर करवत चालू करतात, खलनायक ऑक्टोपसच्या पाठीला चिकटलेले यांत्रिक हात जागे होतात, पार्श्वसंगीत बंद, नुसत्या किंकाळ्या. फरफटत नेल्या जाणाऱ्या बाईची नखं फरशीवर ओरखडे काढतात ते मला अजून बघवत नाही. रक्त मात्र जवळपास नाहीच. आधी सांगून ठेवा, शेजारी बसा, नको म्हणाली तर पुढे ढकला. पुढचं कथानक अडत नाही.

नंतर तिला हेही सांगा की ऑक्टोपसचे ते हात बऱ्याच दृश्यांत खरेखुरे होते, बाहुल्यांसारखे माणसं हलवत होती. २००५ मध्ये दृश्य परिणामांचं ऑस्कर या सिनेमाला मिळालं ते उगाच नाही.

शेवटची_रांग
आणि रेल्वेच्या वेळी फोन बाजूला ठेवायला लावा. गाडी थांबवून तो बेशुद्ध पडतो, तेव्हा प्रवासी त्याला आत ओढून डोक्यावरून हातोहात मागे नेतात, अलगद खाली ठेवतात. मास्क नाही, चेहरा सगळ्यांना दिसतोय, आणि दोन लहान पोरं मास्क परत आणून देतात. कुणाला सांगणार नाही म्हणतात. दहा वर्षांच्या मुलीला हे बरोबर कळेल.

सायली_क
ठरलं मग. शनिवारी पहिला, रविवारी साधा दुसरा, ऑपरेशनच्या आधी तिला विचारून. जेमसनचा तुकडा शेवटी. सगळ्यांचे आभार!