पटकथेची पानं: माझ्याकडे ९४, पीडीएफमध्ये १०१, मित्राकडे १०७!

अर्धविराम:
मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीय. पटकथा ब्राउझरमध्येच लिहिते, फाउंटन पद्धतीनं (साध्या मजकुरात खुणा करून, मांडणी सॉफ्टवेअर करतं), सगळी देवनागरीत. स्क्रीनवर ९४ पानं, पीडीएफ काढली की १०१, आणि दिग्दर्शक मित्रानं लिंक उघडली तर त्याच्याकडे १०७. काल फोनवर म्हणाला, "पान ४२ वरचं भांडण लांबलंय." माझ्या ४२ वर भांडण नाहीच, तिथं आजी जिना उतरतेय! दहा मिनिटं आम्ही दोन वेगळ्या प्रसंगांवरून वाद घातला.

दुसरं दुखणं म्हणजे पात्राचं नाव पानाच्या तळाशी एकटं लटकतं आणि संवाद पुढच्या पानावर. मी एंटर मारमारून ते खाली ढकलते. वर एक ओळ खोडली की पहिले पाढे पंचावन्न.

खाडाखोड:
पंचावन्न अगदी नेमकं बोललात. पटकथेचा ठरलेला फॉन्ट कुरिअर, १२ पॉइंटात त्याच्या इंचाला ६ ओळी. लेटर हा अमेरिकी मापाचा कागद ११ इंच उंच, वर-खाली इंचभर समास सोडला की ५४-५५ ओळीच उरतात. ए-फोर ११.६९ इंच, म्हणजे पानाला चारेक ओळी जास्त. एडिटरला ए-फोर आणि पीडीएफला लेटर असं लागलंय का बघा, ९४ चे १०१ बहुधा तिथंच झालेत.

मित्राकडचा घोळ फॉन्टचा वाटतो. कुरिअरमध्ये देवनागरी नाही, त्यामुळे ज्याच्या मशीनवर जो फॉन्ट सापडेल तो ब्राउझर उचलतो. काही फॉन्ट मात्रा-उकारांसाठी ओळीला जास्त उंची घेतात. लिंक नको, पीडीएफ पाठवा.

तिसरी घंटा:
नाव नुसतंच लिहिता ना? फाउंटन पात्र ओळखतं कॅपिटल अक्षरांवरून. देवनागरीत कॅपिटल आणायचं कुठून? मग त्याला ते साधं वर्णन वाटतं, आणि वर्णनाची ओळ तळाशी राहिली तर त्याचं काय जातंय? नावाआधी @ लावा, दृश्यशीर्षकाआधी टिंब:

.आत – जिना – रात्र

@आजी
(कठडा धरत)
दिवा लाव गं.

नावाच्या वर एक ओळ मोकळी हवी. नाव आणि संवाद यांच्यामध्ये अजिबात नको. एंटर सगळे काढा. पान मुद्दाम तोडायचंच असेल तर वेगळ्या ओळीत ===.

अर्धविराम:
काढले. ८३ रिकाम्या ओळी निघाल्या, लाज वाटली. नाव आणि संवादात मोकळी ओळ मी शोभेसाठी सोडत होते! कागद दोन्हीकडे ए-फोर केला. आता स्क्रीन आणि पीडीएफ दोन्हीकडे १११ पानं. वाढली कशी?

तिसरी घंटा:
आधी तुमचे संवाद वर्णनासारखे पानभर पसरत होते. आता ते मधल्या अरुंद पट्टीत आले, म्हणून ओळी वाढल्या. हीच खरी संख्या.

अर्धविराम:
पण पानाला एक मिनिट धरलं तर १११ मिनिटं? सिनेमा दीड तासाचा ठरलाय.

खाडाखोड:
तो हिशोब कुरिअरचा, इंचाला १० अक्षरं धरून केलेला, आणि तिथंही अंदाजच. देवनागरीला तो का लावता? घड्याळ लावून मोठ्यानं वाचा.

अर्धविराम:
पहिली दहा पानं वाचली, साडेसात मिनिटं. मग पान ५० वर गेले (आता सगळ्यांकडे ५०च). 'आजी जिना उतरते' ही अर्धी ओळ. कठडा धरून स्वतः उतरून बघितलं, ४० सेकंद.