मदत हवी आहे : लोकलमधलं भजनी मंडळ कुठल्या विषयात बसवू?

नमस्कार मंडळी. एमएच्या लघुप्रबंधासाठी लोकलमधली भजनी मंडळं घेतली आहेत. आमच्या सकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये टाळ, पत्र्यावर ठेका आणि ठाकुर्लीच्या काकांसाठी रुमाल टाकून धरलेली जागा, हे रोजचं.

घोडं अडलंय ते सिद्धांतावर. समाजशास्त्रात चार्ल्स कूलीचा 'प्राथमिक गट' (१९०९), म्हणजे समोरासमोरच्या जवळिकीचा छोटा गट, आहे, पण त्याची उदाहरणं घर, शेजार, खेळगडी. मानसशास्त्रवाले रिंगेलमान (१९१३) दाखवतात, जो खरं तर शेतकी इंजिनिअर! दोर ओढणारे वाढले की प्रत्येकाचा जोर घटतो म्हणे. इथं तर गर्दी वाढली की आवाज चढतो. मॅनेजमेंटवाली मैत्रीण टकमनच्या १९६५च्या, गट कसा घडत जातो त्याच्या पायऱ्या सुचवते.

सगळं एकत्र घेतलं तर गाइड खिचडी म्हणतील. असं आंतरविद्याशाखीय काम कुणी केलंय का? एकच चौकट निवडायची तर कुठली? सोमवारी आराखडा द्यायचाय.