अर्धी तुटलेली दाढ: कॅप की इम्प्लांट?

मुलुंड_पूर्व
आईची (वय ६१) खालची दाढ. फार वर्षांपूर्वी चांदी भरलेली होती. परवा सुपारी चावताना एका बाजूची भिंतच पडली. एक डॉक्टर म्हणतात रूट कॅनाल करून कॅप घालू, दुसरे म्हणतात काढा आणि इम्प्लांट (हाडात स्क्रू घालून त्यावर खोटा दात) बसवा. खर्चात जमीन-अस्मानाचा फरक. आईला शुगर आहे. काय करावं?

शिवडीची_चिमणी
काढायची घाई नको. दोघांनाही एकच विचारा: हिरडीच्या वर चांगला दात किती उरलाय? चहूबाजूंनी दीड-दोन मिलिमीटर शाबूत कड असेल तर कॅप धरून राहते. तेवढीही नसेल तर आत पोस्ट (मुळात बसवायची दांडी) ठोकून फारसं भागत नाही, एक दिवस कॅप पोस्टसकट हातात येते. आणि मुळाला उभी चीर गेली असेल तर दाढ काढण्यावाचून गत्यंतर नाही.

मुलुंड_पूर्व
मुळं चांगली आहेत म्हणाले, चीर नाही. रूट कॅनालनंतर नुसतं सिमेंट भरून नाही चालणार? कॅपचा खर्च वाचेल.

दादर_स्लो
भिंत पडलीय ना, मग नाही. खड्डा लहान असता तर कॉम्पोझिटवर (दाताच्या रंगाचं भरण) निभावलं असतं. रूट कॅनाल केलेली दाढ कॅपशिवाय ठेवली की चावताना उभी फुटायची भीती. मेटल-सिरॅमिक कॅप स्वस्त पडते. पुढे हिरडी सरकली तर कडेला करडी रेघ दिसते, पण मागच्या दाढेत कोण डोकावतंय! झिरकोनियाचा (धातू नसलेली पांढरी कॅप) हट्ट पुढच्या दातांसाठी राखून ठेवा.

शिवडीची_चिमणी
+१. शुगर आहे म्हणून इम्प्लांट बाद होत नाही, पण एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) आटोक्यात हवं. शिवाय हाडात स्क्रू पक्का व्हायला साधारण ३ ते ६ महिने. ब्रिज (शेजारच्या दातांवर टेकवलेला खोटा दात) करायचा तर शेजारचे धडधाकट दात कोरावे लागतात, ते माझ्या जिवावर येतं.

मुलुंड_पूर्व
मग कॅपच. कमी खर्चात कुठे होईल?

दादर_स्लो
मुंबई सेंट्रलचं नायर डेंटल, नाहीतर सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेसच्या आवारातलं सरकारी डेंटल कॉलेज. विद्यार्थी काम करतात, वर शिक्षक तपासतात. खेपा पडतात, त्याची तयारी ठेवा. सकाळी लवकर निघा. एक्स-रे, शुगरचे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची यादी बरोबर न्या. रक्त पातळ करायची गोळी असेल तर तिथे आधीच सांगा, आपल्या मनाने बंद करू नका.