सॅन स्टॉर्मला अँगल जोडून पाण्याची ट्रॉली ओढायची असेल तर

दादा, जालन्याहून अँगल (एल आकाराचं लोखंड) आणून जुन्या सॅन स्टॉर्म या दोन सीटच्या छोट्या गाडीचा सांगाडा घरीच मजबूत करायचा आणि ५०० लिटरची टाकी शेतावर ओढत न्यायची, हा तुमचा बेत वाचला. वरच्या प्रतिक्रियांत सगळे अँगलच्या जाडीवरच बोलतायत. खरी अडचण अँगल जिथं संपतो तिथं आहे. जाड तुकडा सरळ कापून जोडला की ताण त्या टोकाशी गोळा होतो आणि वेल्डच्या शेजारचं पातळ लोखंड तिथंच चिरतं. टोकं निमुळती ठेवा, खाली लांब पट्टी द्या. बॉडी फायबरची आहे, ठिणगीनं पेटते. बॉडी आणि पेट्रोलची टाकी उतरवल्याशिवाय, बॅटरीच्या वायरी काढल्याशिवाय वेल्डिंग मशीन चालूच करू नका. याबाबतीत माझं ठाम मत आहे.

सांगाडा टिकला तरी या गाडीला ओढ पुढच्या चाकांची. मागं हुकवर वजन आलं की पुढची चाकं हलकी होतात, आणि पावसाळ्यात काळ्या रानात ती जागेवरच फिरतील. पाणीच ५०० किलो, ट्रॉलीचं वजन वेगळं. टाकी अर्धी असली तर पाणी हिंदकळून मागून ढकलतं. मांजरसुंब्याच्या घाटात उतरताना एवढं सगळं छोट्या गाडीच्या ब्रेकवर सोडणं मला पटत नाही. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक हवेतच.

शिवाय गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्याबाबत मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२ आहे. वेल्डिंगआधी आरटीओत विचारा, विमा कंपनीलाही.