चिंगी घराबाहेर पडत नाही, आणि खरं तर मीही

बी-३०४: नमस्कार मंडळी. परवा पार्किंगमध्ये आमच्या कुत्रीला, चिंगीला, दुसरा कुत्रा चावला, त्याबद्दल बऱ्याच जणांनी विचारपूस केलीत. एकेकाला उत्तर देणं जमलं नाही, म्हणून इथेच लिहिते. चिंगी धोक्याबाहेर आहे. मानेमागे दोन दात लागलेत, मांडीवर एक. वरून बघितलं तर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं. मला वाटलं होतं हळद लावून भागेल. डॉक्टरांनी केस काढले तेव्हा कळलं की आत कातडी स्नायूपासून सुटली होती. कुत्रा धरून झटका देतो तेव्हा बाहेर फारसं दिसत नाही, चिरडतं ते आत, असं ते म्हणाले. जखम धुऊन आत नळी घातली आहे, अँटिबायोटिक चालू आहे. रेबीजची लस वेळेवर झालेली होती, तरी बूस्टर दिला.

जखम भरेल. पण पूर्वी मी खुंटीवरचा पट्टा काढला की ही दाराशी गोल गोल नाचायची. आता पट्ट्याची कडी वाजली की पलंगाखाली जाते. काल लिफ्टचं दार उघडलं आणि तिथेच लघवी झाली. माझंही काही वेगळं नाही. खाली कुणी भुंकलं की हात कापतात. रात्री डोळे मिटले की तिचं ते किंचाळणं ऐकू येतं. यातून कुणी गेलंय का? कसे बाहेर आलात?

सी-१०१: बाप रे. काळजी घ्या ताई.

डी-२०२: ताई, तुमच्या हातावर ओरखडा दिसला होता. तो दाताचा की नखाचा?

बी-३०४: माहीत नाही. सोडवताना लागला.

डी-२०२: मग आजच डॉक्टरकडे जा. असं काही लागलं की लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचं असतं. राहिलं असेल तर आत्ता धुवा. लस लागेल की नाही ते डॉक्टर ठरवतील. चिंगीच्या गडबडीत स्वतःचं राहून जातं, म्हणून सांगते.

बी-३०४: निघते. खरंच लक्षात आलं नाही.

ए-५०२: माझं मत सांगू? दोन दिवस ओढत का होईना खाली न्या. पाण्यात ढकललं की पोहायला येतं.

ए-१०२: काका, रागावू नका, पण भीतीच्या बाबतीत तसं होत नाही. मी अनेक वर्षं मानसशास्त्र शिकवलं, म्हणून थोडं लिहिते. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या तीनेक वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं. तो सशाला घाबरायचा. पीटर आवडीचं खात असताना ससा पिंजऱ्यात, लांब ठेवायचा. तो शांतपणे खातोय असं दिसलं की पिंजरा थोडा जवळ. असं करत करत शेवटी तो सशाला स्वतःहून हात लावू लागला. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली आहे. ससा घाईने जवळ आणला तर उलटंच होतं, सशाची भीती खाऊला चिकटते. चिंगीला ओढत नेलं तर आज ती पट्ट्याला घाबरते, उद्या तुम्हाला घाबरेल.

बी-३०४: काकू, ती थरथरत असताना जवळ घेऊ नये म्हणतात. लाड केले की भीती वाढते म्हणे.

ए-१०२: नाही गं. भीती ही काही सवय नाही, लाडाने वाढायला. ती तुझ्याकडे आली तर खुशाल कुशीत घे. पलंगाखाली असेल तर मात्र बाहेर काढू नकोस. तिथेच शेजारी जमिनीवर बसून राहा.

सी-६०३: ताई, आमच्या कुत्र्यावर दोन वर्षांपूर्वी हल्ला झाला होता. काकू म्हणतात तेच आम्ही केलं, फक्त सशाच्या जागी कुत्रा. आधी अंतर शोधा. लांबचा कुत्रा दिसूनही ती खाऊ घेते का? घेत असेल तर ते अंतर बरोबर. तोंड फिरवलं, सारखे ओठ चाटले, उगाच जांभया दिल्या, शेपटी पोटाखाली गेली, तर मागे फिरा. आणि क्रम पाळा. आधी कुत्रा दिसू दे, मग खाऊ. आम्ही सुरुवातीला उलटं करत होतो. त्यामुळे खाऊची पिशवी वाजली की हा घाबरून चारीकडे बघायचा, आता कुत्रा येणार म्हणून.

ड्रेसिंगला नेलं त्या दिवशी बाकी काही नको. एका भीतीवर दुसरी चढते.

पण खरी अडचण माझी होती. समोरून कुत्रा आला की मी पट्टा आखडायचो आणि त्याला वाटायचं, धोका आहे. मग मी आठवडाभर एकटाच खाली गेलो, कुत्र्याला न घेता. जिथे झालं त्या जागी उभा राहायचो, श्वास सावकाश सोडायचो, पाय कापायचे थांबले की वर यायचो. शिवाय पुन्हा झालं तर काय करायचं ते ठरवून ठेवलं. बरोबर छत्री ठेवतो. अंगावर येणाऱ्या कुत्र्यासमोर ती एकदम उघडली तर बहुतेक वेळा तो थबकतो. तोंडाजवळ हात कधीच घालू नका. आणि दात रुतलेले असताना ओढायचं नाही, जखम आणखी फाटते.

बी-३०४: तुम्ही लिहिलंत आणि रडूच आलं. मला वाटत होतं मीच जास्त करतेय. तुमचा आता बरा आहे का?

सी-६०३: ओळखीच्या कुत्र्यांशी खेळतो. अनोळखी मोठा दिसला की अजूनही माझ्या पायामागे येतो. येऊ दे. आम्ही वाट बदलतो.

डी-४०१: ताई, दोन दिवस लिहायला धीर झाला नाही. आमच्या शेरूच्या मानेतून पट्टा निसटला आणि तो चिंगीवर गेला, चूक पूर्ण माझी. त्याच्या सगळ्या लसी झाल्यात, कार्डाचा फोटो टाकतो. १० दिवस घरातच लक्ष ठेवायला सांगितलंय. दवाखान्याचा सगळा खर्च आमचा. यापुढे छातीभोवती बांधायचा हार्नेस आणि गळ्यातला पट्टा दोन्ही. तोंडावर बांधायचं जाळीचं मझल आणलंय, त्यात धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. सवय होईपर्यंत त्याला मुलांच्या वेळेत खाली आणणार नाही.

बी-३०४: दादा, राग आहे, खोटं बोलणार नाही. शेरूवर नाही. तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. एकच करा, त्याला कधी बाहेर काढणार ते आधी इथे टाकत जा. वळणावर अचानक समोर येईल, याचीच मला जास्त भीती वाटते.

डी-४०१: नक्की. निघताना आणि परत आल्यावर, दोन्ही वेळा.

ए-५०२: मी सांगितलं ते चुकलंच. ताई, तुम्ही एकट्या खाली जाल तेव्हा सोबत हवी असली तर हाक मारा. मी रोज सकाळी असतोच.

बी-३०४: येते काका, उद्या.

बी-३०४: पाच दिवस झाले म्हणून कळवते. नळी काढली. माझीही लस सुरू आहे. कालपासून पट्टा मी दिवाणखान्यात जमिनीवरच ठेवते, त्याच्या शेजारी तिचा खाऊ. आज तिने पट्टा हुंगला. मग उंबरठ्यावर येऊन बसली, पुढचे दोन पाय बाहेर. लिफ्ट नको, जिन्याने पहिल्या वळणापर्यंत जाऊन बघतो. दादा, पावणेसातला निघतोय.

डी-४०१: या ताई. शेरू घरात आहे, दार लावलंय.