ऑलिंपिकच्या गुणदानाला कंटाळून व्यावसायिक करार स्वीकारावा का?

निळा कोपरा (प्रश्न):

माझा भाचा २१ वर्षांचा असून मुष्टियुद्धात ७१ किलो वजनगटात खेळतो. गेल्या मोसमात निवड चाचणीच्या अंतिम लढतीत तो पाच परीक्षकांच्या ३-२ अशा निकालाने हरला, आणि त्या दिवसापासून परीक्षकांवरचा त्याचा विश्वास पार उडाला आहे. त्यानंतर दीड महिन्याने एका परदेशी प्रमोटरच्या, म्हणजे व्यावसायिक लढती भरवणाऱ्याच्या, प्रतिनिधीने त्याच्याशी संपर्क साधला. प्रस्ताव तीन वर्षांचा आहे, वर्षाला किमान चार लढतींचे आश्वासन आहे आणि सही करताना काही रक्कम हातात मिळणार आहे. दुसरीकडे, क्रीडा कोट्यातून नोकरी मिळण्याची शक्यता आहे, पण तिच्यासाठी अजून दोन वर्षे हौशी स्पर्धांमध्ये कामगिरी दाखवावी लागेल.

त्याचा मुद्दा एकच आहे. "मामा, निशांत देवचे पॅरिसमध्ये काय झाले ते पाहिलेत ना? जिंकलेली लढत कागदावर हरायची असेल, तर पैसे घेऊन का लढू नये?" आपला मुष्टियोद्धा निशांत २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच ७१ किलो गटात उपांत्यपूर्व फेरीत मेक्सिकोच्या मार्को वर्देकडून ४-१ असा हरला आणि जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासला व्यावसायिक म्हणून पहिली लढत पहिल्याच फेरीत जिंकला, हे भाच्याला तोंडपाठ आहे. मला मुष्टियुद्धातले फारसे कळत नाही. ऑलिंपिकमधले गुणदान खरोखरच इतके बेभरवशाचे आहे का, आणि तसे असेल तर ते करार करण्यासाठी पुरेसे कारण ठरते का, हे जाणकारांनी सांगावे.

माजी परीक्षक:

मी बारा वर्षे जिल्हा आणि राज्य पातळीवर परीक्षक म्हणून काम केले आहे, त्यामुळे माझे मत पूर्णपणे निःपक्ष मानू नका. तरीही गुणदान बिघडते कुठे, हे थोडे सविस्तर सांगतो, कारण "परीक्षक विकले गेले" एवढ्या वाक्यावर हा विषय संपवण्याची आपल्याकडे सवय आहे.

सर्वांत कुप्रसिद्ध निकाल १९८८ च्या सोलचा. अमेरिकेच्या रॉय जोन्स ज्युनियरने अंतिम लढतीत यजमान देशाच्या पार्क सी-हुनला अक्षरशः झोडपले. त्या वेळी मोजलेल्या आकड्यांनुसार जोन्सचे ८६ ठोसे लागले आणि पार्कचे ३२. निकाल मात्र ३-२ असा पार्कच्या बाजूने लागला. गंमत म्हणजे स्पर्धेतील सर्वोत्तम मुष्टियोद्ध्याचा व्हॅल बार्कर करंडक जोन्सलाच मिळाला. या प्रकारानंतर माणसाच्या मतावर विसंबायचे नाही असे ठरले आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकपासून प्रत्येक परीक्षकापुढे लाल आणि निळे अशी दोन बटणे आली. पाचपैकी तिघांनी एका सेकंदाच्या आत एकच बटण दाबले तरच गुण मिळायचा. कागदावर हे अगदी न्याय्य दिसते. प्रत्यक्षात बरगडीवर बसलेला जोरदार ठोसा नजरेतून सुटू लागला, जवळून मारलेल्या चार ठोशांच्या मालिकेसाठी जेमतेम एक गुण पडू लागला, आणि पोरे एकेक ठोसा डोक्यावर टेकवून मागे पळायला शिकली. यंत्राने पक्षपात काही गेला नाही, पण खेळाची शैली मात्र बदलली.

अधूनमधून फेरफार होत ती पद्धत २०१२ च्या लंडनपर्यंत चालली. २०१३ पासून व्यावसायिक लढतींसारखी दहा गुणांची पद्धत आली, म्हणजे फेरी जिंकणाऱ्याला १० आणि हरणाऱ्याला ९ किंवा त्याहून कमी. तुमच्या भाच्याने समजून घ्यावे असे गणित यातच आहे. केसाच्या फरकाने जिंकलेली फेरीही १०-९ आणि स्वच्छ वर्चस्वाने जिंकलेली फेरीही बहुतेक वेळा १०-९ च. त्यामुळे पहिल्या दोन फेऱ्या निसटत्या फरकाने घेतलेला मुलगा तिसऱ्या फेरीत चांगला मार खाऊनही २९-२८ ने जिंकतो, आणि तिसरी फेरी ताजी असल्यामुळे प्रेक्षकांना वाटते की दरोडा पडला. व्यावसायिक लढतीत बारा फेऱ्या असतील तर अशी एखादी फेरी पचून जाते. तीन फेऱ्यांत ती पचत नाही.

निशांतची लढत मी आवाज बंद करून दोनदा पाहिली. माझ्या कागदावर पहिल्या दोन फेऱ्या त्याच्या होत्या आणि तिसरी वर्देची; म्हणजे मी निशांतला विजयी दिले असते. पण दुसऱ्या फेरीत त्याचे हात खाली येऊ लागले होते आणि वर्दे पुढे येऊन मारत होता, हेही तितकेच खरे आहे. ४-१ हा आकडा मोठा वाटतो, पण त्याचा अर्थ "मोठ्या फरकाने हरला" असा होत नाही. एकाच निसटत्या फेरीबद्दल चार जणांचे मत सारखे पडले, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

रिओ २०१६ मात्र वेगळे प्रकरण होते आणि त्याची पाठराखण मी करणार नाही. कझाकस्तानच्या वासिली लेव्हितने अंतिम लढतीत रशियाच्या येवगेनी तिश्चेन्कोला सतत मागे रेटले, तरी सुवर्णपदक तिश्चेन्कोला गेले. आयर्लंडच्या मायकल कॉनलनला उपांत्यपूर्व फेरीत रशियाच्याच व्लादिमिर निकितिनविरुद्ध हरवण्यात आले. हरवण्यात आले हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. पुढे कॅनडाचे वकील रिचर्ड मॅकलॅरेन यांच्या चौकशीने त्या स्पर्धेत गुणदानात हेराफेरीची यंत्रणा होती असाच निष्कर्ष काढला. रिओतील सर्व ३६ पंच आणि परीक्षकांना टोकियोपासून दूर ठेवले गेले आणि टोकियो व पॅरिसची मुष्टियुद्धे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने जुन्या आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध महासंघाला बाजूला सारून स्वतः भरवली.

पहाटेची लढत:

परीक्षक महोदयांचे विवेचन पटले, पण मूळ प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग राहिला. व्यावसायिक मुष्टियुद्धात गुणदान स्वच्छ असते, असे त्या मुलाला कोणी सांगितले? तिथे रिंगभोवती तीनच परीक्षक असतात. लेनॉक्स लुईस आणि इव्हँडर होलिफिल्ड यांची १९९९ मधील न्यूयॉर्कची लढत लुईसने जिंकल्यासारखी होती, ती बरोबरीत सुटली. २०१२ मध्ये टिमोथी ब्रॅडलीला मॅनी पॅकियाओविरुद्ध विजयी ठरवले, तेव्हा ब्रॅडलीच्या समर्थकांनाही खरे वाटले नाही. २०१७ मध्ये कनेलो आणि गोलोव्हकिन यांच्या लढतीत एका परीक्षकाने ११८-११० असा कागद कनेलोच्या नावाने भरला, म्हणजे बारापैकी दहा फेऱ्या त्याच्या. ज्याला परीक्षकांचा राग आहे त्याने व्यावसायिक होणे म्हणजे आगीतून फुफाट्यात जाणे आहे.

गुणदानाचा फायदा कधी आपल्यालाही होतो, हे आपण सोयीने विसरतो. २०१२ मध्ये लंडनला विकास कृष्णने एरॉल स्पेन्सला १३-११ असे हरवल्याचे जाहीर झाले. अमेरिकेने दाद मागितली. विकासने शेवटच्या फेरीत अनेकदा प्रतिस्पर्ध्याला मिठी मारून धरले, एकदा तोंडातला गमशील्ड थुंकला आणि रिंगमधल्या पंचाने त्याची योग्य दखल घेतली नाही, या कारणावरून निकाल फिरवून स्पेन्सला १५-१३ ने विजयी केले गेले. आपल्याकडे तेव्हा अन्याय झाल्याची ओरड झाली. चित्रण पुन्हा पाहा, ओरड करावीशी वाटणार नाही.

याच विकासने पुढे व्यावसायिक करार केला, अमेरिकेत दोन लढती लढून दोन्ही जिंकल्या, आणि टोकियो ऑलिंपिकसाठी तो पुन्हा हौशी संघात परतला. म्हणजे दरवाजा एकतर्फी नाही. पण उघडा ठेवायचा असेल तर तो करारातच उघडा ठेवून घ्यावा लागतो.

आणखी एक उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही. १९९६ च्या अटलांटामध्ये बल्गेरियाच्या सेराफिम तोदोरोव्हने फ्लॉइड मेवेदरला उपांत्य फेरीत १०-९ असे हरवले. तो निकालही वादग्रस्तच. तोदोरोव्हने स्वतः नंतर सांगितले की त्याच वेळी त्याला व्यावसायिक कराराचा प्रस्ताव आला होता आणि त्याने तो झिडकारला. मेवेदर पुढे अब्जाधीशांच्या गप्पा मारू लागला आणि तोदोरोव्ह पाझार्जिक गावात तुटपुंज्या पेन्शनवर राहिला. तेव्हा "कधीच जाऊ नकोस" असेही मी म्हणत नाही. जायचे असेल तर रागाच्या भरात जाऊ नये, इतकेच.

तळटीप वाचणारी:

मी वकील आहे. मुष्टियुद्ध फक्त भावामुळे पाहते. प्रश्नकर्त्यांनी कराराबद्दल जे लिहिले आहे, त्यात मला तीन जागा पोकळ दिसतात.

"वर्षाला किमान चार लढती" हे आश्वासन आहे की बंधन? प्रमोटरने दोनच लढती दिल्या तर काय होईल, हे लिहिलेले नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. तीन वर्षे मोजायची कुठून, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे. अशा करारांत दुखापतीचा काळ मुदतीत न धरण्याचे किंवा किताब जिंकल्यास मुदत आपोआप वाढवण्याचे कलम असू शकते, आणि मग तीनाची पाच वर्षे कधी झाली ते कळत नाही. सही करताना मिळणारी रक्कम बक्षीस आहे की पुढच्या मानधनातून वळती होणारी उचल, हेही शब्दांत असायला हवे. ऊसतोडीतली उचल ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना मला काय म्हणायचे आहे ते लगेच कळेल.

भारतीय करार कायद्याचे कलम २७ व्यवसायावर बंधन घालणारा करार निरर्थक ठरवते. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानला त्याचा उपयोग झाला होता: मुदत संपल्यावरही पहिला हक्क आमचाच, असा दावा करणाऱ्या व्यवस्थापन कंपनीच्या विरोधात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये निकाल दिला. पण तुमच्या भाच्याचा करार परदेशी कायद्याखाली, परदेशी न्यायालयाच्या कक्षेत असेल तर या कलमाच्या भरवशावर राहू नका. अमेरिकेत २००० साली मुहम्मद अली यांच्या नावाने कायदा झाला. त्यानुसार प्रमोटरने लढतीतून आपल्याला काय मिळते ते मुष्टियोद्ध्याला सांगावे लागते, आणि मॅनेजर व प्रमोटर यांचे हितसंबंध वेगळे ठेवावे लागतात. तुमच्याकडे आलेला "प्रतिनिधी" नेमका कोणाचा प्रतिनिधी आहे, हे आधी विचारा. तो प्रमोटरचा माणूस असेल आणि उद्या भाच्याचा मॅनेजरही तोच होणार असेल, तर भाच्याच्या बाजूने बोलणारा टेबलावर कोणीच नाही.

निळा कोपरा:

सर्वांचे मनापासून आभार. प्रतिनिधी कोणाचा, हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. प्रतिस्पर्धी कोण ठरवणार, याबद्दलही कोणी सांगू शकेल का? भाचा म्हणतो की सुरुवातीला सोप्या लढती मिळतात.

माजी परीक्षक:

तो म्हणतो ते खरे आहे, पण सोप्या लढती त्याला मिळतात जो प्रमोटरचा गुंतवणुकीचा माणूस असतो. विजेंदर सिंगने २०१५ मध्ये मँचेस्टरला व्यावसायिक सुरुवात केली, तेव्हा बीजिंगचे कांस्यपदक त्याच्यापाशी होते. तिकिटे त्याच्या नावावर खपत होती, म्हणून त्याच्यासमोर कोण उभा राहील हे जपून ठरवले गेले. त्याने ओळीने बारा लढती जिंकल्या, आणि पहिला पराभव मार्च २०२१ मध्ये पणजीत, कॅसिनोच्या जहाजावर, रशियाच्या अर्तिश लोप्सानकडून झाला. ज्याच्यापाशी पदक नाही आणि ज्याच्या नावावर तिकीट खपत नाही, अशा मुलाला दुसऱ्या कोपऱ्यात उभे करतात, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी सोप्या लढतीत सोपा माणूस म्हणून. हौशी स्पर्धेत प्रतिस्पर्धी सोडतीने ठरतो. ती कधी क्रूर असते, पण तिला तुमचा भाचा हरण्यात काही फायदा नसतो.

तेव्हा करारात प्रतिस्पर्धी नाकारण्याचा हक्क आहे का ते पाहा, आणि पहिल्या चार लढतींत तो घरच्या कोपऱ्यात असेल की पाहुण्याच्या, हे लेखी मागा. राहिली ती ३-२ ची लढत. चित्रण असेल तर मला पाठवा. मी फेरीनिहाय कागद भरून देईन आणि त्याच्या विरोधात गेला तरी पाठवीन.

निळा कोपरा:

चित्रण पाठवले आहे. नोकरीसाठीच्या अर्जाची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे, तोपर्यंत सही करायची नाही एवढे भाच्याने कबूल केले आहे. प्रतिनिधीला कालच पत्र लिहून तिन्ही कलमांबद्दल आणि प्रतिस्पर्धी नाकारण्याच्या हक्काबद्दल विचारले. त्याने उचलीच्या रकमेत वाढ करण्याची तयारी दाखवली आहे. बाकी प्रश्नांना उत्तर दिलेले नाही.