नऊ मोठी माणसे आणि पहिलाच परदेशप्रवास : सुरुवात कुठून करावी?

नौपाडाकर

नमस्कार. येत्या हिवाळ्यात आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्यानिमित्ताने घरातल्या सगळ्यांनी मिळून एकदा परदेशी जाऊन यावे, असे ठरले आहे. आम्ही एकूण नऊ जण आहोत : आई (७१, गुडघ्यांचे दुखणे), बाबा (७५, मधुमेह, रोज इन्सुलिन), आत्या (६८, प्रकृतीने आमच्यापेक्षा खणखणीत), मी आणि पत्नी, धाकटा भाऊ आणि त्याची पत्नी, शिवाय नेरुळची ताई आणि भावोजी. लहान मूल एकही नाही. पासपोर्ट फक्त माझा, ताईचा आणि भावोजींचा आहे. बाकी सहा जणांचे काढायचे आहेत.

गेल्या तीन रविवारी याच विषयावर बैठका झाल्या आणि तिन्ही वेळा पोहे संपले, पण निर्णय झाला नाही. सिंगापूर, बँकॉक आणि दुबई अशी तीन नावे पुढे आहेत. डिसेंबरच्या शेवटी सर्वांना रजा मिळू शकते. भावोजींचे म्हणणे आहे की जेवणाखाण्याची सोय होते म्हणून टूर कंपनीबरोबरच जावे, तर भावाला सगळे स्वतः ठरवायचे आहे. खर्चाची वाटणी हा आणखी एक नाजूक प्रश्न आहे, कारण सर्वांची मिळकत सारखी नाही आणि तसे कोणी तोंडाने बोलतही नाही. ज्यांनी इतक्या मोठ्या माणसांना घेऊन असा प्रवास केला आहे, त्यांनी कोणत्या क्रमाने कामे केली, हे कृपया सांगावे.

घणसोलीची सून

देश कोणता हे महिनाभर बाजूला ठेवा आणि आधी सहा पासपोर्टांचे काम हातात घ्या. ठाण्याचे पासपोर्ट सेवा केंद्र वागळे इस्टेटमध्ये आहे. ३६ पानी पासपोर्टचे साधे शुल्क १,५०० रुपये असून साठीच्या पुढील व्यक्तींना नवीन अर्जावर दहा टक्के सवलत मिळते. तत्काळसाठी वरचे २,००० रुपये भरण्याची पाळी सहसा घाईमुळे नव्हे, तर कागदांतील विसंगती उशिरा लक्षात आल्यामुळे येते. म्हणून आजच संध्याकाळी सहाही जणांचे आधार, पॅन आणि शाळा सोडल्याचा दाखला एका टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि नावाचे एकेक अक्षर व जन्मतारखेचा एकेक आकडा जुळवून पाहा. ज्यांचे पासपोर्ट आधीपासून आहेत, त्यांची मुदत परतीच्या तारखेनंतरही किमान सहा महिने शिल्लक आहे ना, हेसुद्धा पाहावे.

नावाबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण आमचे तिथेच अडले होते. आमच्या सासूबाईंच्या आधारकार्डावर आडनाव आधी, मग त्यांचे नाव आणि शेवटी सासऱ्यांचे नाव असा क्रम होता. पासपोर्ट हातात येण्यापूर्वीच दिरांनी स्वस्त मिळतात म्हणून तिकिटे काढून टाकली आणि तिकिटावर आडनावाच्या रकान्यात चक्क सासऱ्यांचे नाव पडले. पासपोर्टवर मात्र पहिल्या रकान्यात आडनाव आणि दुसऱ्यात स्वतःचे व पतीचे नाव असे रीतसर आले. ती दुरुस्ती करून घेण्यासाठी तिकीट देणाऱ्याकडे चार चकरा आणि वर दंड, असा तो स्वस्ताईचा हिशेब झाला. तेव्हा तिकीट काढताना पासपोर्टचे शेवटचे पान नव्हे, फोटोचे पान समोर ठेवावे आणि त्यात दिसते तसेच भरावे. लग्नानंतर पासपोर्टवरील नाव बदललेच पाहिजे असे बंधन नाही, त्यामुळे तुमच्या ताईंचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा असल्यास तिकीटही निमूटपणे त्याच नावाने काढावे.

वाशी_सेक्टर_नऊ

नऊ हा आकडा तुमच्यासाठी एका अर्थाने सोयीचा आहे, कारण विमान कंपन्यांच्या संकेतस्थळांवर साधारणपणे एका वेळी नऊच जणांचे तिकीट काढता येते आणि त्यापुढे समूह आरक्षणाचा वेगळा मार्ग धरावा लागतो. परंतु सरसकट नऊ तिकिटे शोधू नका. विमानातल्या जागा वेगवेगळ्या दरांच्या गटांत विभागलेल्या असतात. सर्वांत स्वस्त गटात चारच जागा उरलेल्या असतील आणि तुम्ही नऊ मागितल्या, तर नऊच्या नऊ जागा वरच्या दराने दाखवल्या जातात. आधी एकासाठी, मग चारांसाठी, मग नऊसाठी शोधून पाहिले की फरक लगेच कळतो. आम्ही चार आणि पाच अशी दोन आरक्षणे केली होती. यात धोका एवढाच की विमानाची वेळ बदलली किंवा विमान चुकले, तर दोन्ही आरक्षणांचा विचार स्वतंत्रपणे होतो. म्हणून प्रत्येक आरक्षणात एक तरी धडधाकट, फोनवर भांडू शकणारे माणूस असावे आणि आई-बाबा त्याच्याच आरक्षणात असावेत.

आता पैशांविषयी. आमच्या घरी हा प्रश्न भिशीने सुटला. निघण्याच्या दहा महिने आधीपासून प्रत्येक घराने दरमहा ठरावीक रक्कम एका स्वतंत्र खात्यात टाकली आणि आई-बाबांचा वाटा सर्व भावंडांनी मिळून उचलला. ज्याला दरमहा कमी जमते त्याने लवकर सुरुवात केली, ज्याला उशीर झाला त्याने जास्त भरले आणि कोण किती कमावतो हा विषय निघालाच नाही. तिकिटे, हॉटेल, गाडी, विमा आणि दोन वेळचे जेवण या खात्यातून. खरेदी, आइस्क्रीम आणि ज्याला जायचे त्याचे रात्रीचे क्लब ज्याच्या त्याच्या खिशातून. ही रेघ निघण्यापूर्वी आखावी. विमानतळावर आखायला गेलात तर कोणाला तरी ती आपल्यालाच उद्देशून आहे असे वाटते. हिशेबाची वही आमच्याकडे आईकडे होती आणि मोबाइलमधल्या कोणत्याही ॲपपेक्षा तिचा धाक अधिक होता.

एक बारीकशी बाब अशी की टूर कंपनीकडून परदेशी पॅकेज घेतल्यास त्यावर टीसीएस (विक्रेत्याने पैसे घेतानाच गोळा करायचा आयकर) कापला जातो आणि तो ज्याच्या पॅनवर कापला जातो, त्याच्याच आयकर विवरणपत्रात जमा दिसतो. एकट्याने नऊ जणांचे पैसे भरले, तर बाकीच्यांच्या वाट्याची रक्कमही त्याच्याच नावे अडकून राहते. शक्यतो प्रत्येक घराची पावती वेगळी घ्यावी. परदेशात दुकानदार कार्ड घासताना रुपयांत घेऊ की स्थानिक चलनात, असे विचारतो. नेहमी स्थानिक चलन सांगावे, कारण रुपयांतला दर त्यांच्या सोयीचा असतो.

नौपाडाकर

भिशीची कल्पना बाबांना इतकी आवडली की त्यांनी लगेच वहीवर स्वस्तिक काढले. घणसोलीच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे कागद मांडले आणि पहिलाच धक्का बाबांचाच निघाला. शाळेच्या दाखल्यावर आणि पॅनवर १ जून १९५१, तर आधारवर १ जानेवारी १९५१. आता मूळ प्रश्नाकडे येतो : आईचे गुडघे लक्षात घेता कोणता देश, आणि कंपनी की स्वतः?

निवृत्त_पांचपाखाडी

मी ६९ वर्षांचा आहे आणि दोन्ही प्रकार करून पाहिले आहेत, म्हणून थोडे लांबून लिहितो.

पहिली सहल एका टूर कंपनीबरोबर केली. जेवण उत्तम होते, पुरणपोळीसुद्धा मिळाली, त्यामुळे तुमच्या भावोजींचे म्हणणे खोटे नाही. मात्र रोज सकाळी साडेपाचला खोलीतला फोन वाजे, साडेसातला बस सुटे आणि चाळीस जणांच्या बसमध्ये ज्याला स्वच्छतागृहात पाच मिनिटे अधिक लागत, त्याच्याकडे सगळी बस वळून पाहत असे. तिसऱ्या दिवशी माझ्या पत्नीने पाणी पिणेच कमी केले. ही गोष्ट मला परत आल्यावर कळली. त्यानंतर आम्ही तिकिटे व हॉटेल स्वतः ठरवले आणि तिथल्या तिथे चालकासह मोठी गाडी केली. नऊ जणांना हा मधला मार्ग परवडतो, कारण गाडीचे भाडे नऊ ठिकाणी वाटले जाते आणि गाडी आपल्या गुडघ्यांच्या वेगाने चालते.

देशाविषयी विचाराल तर माझे मत सिंगापूरच्या बाजूने आहे. तिथल्या मेट्रो स्थानकांत लिफ्ट आहेत, पदपथ सपाट आहेत, नळाचे पाणी पिता येते आणि बसायला जागोजागी बाके मिळतात. लिटल इंडियात सेरंगून रस्त्यावर १९४७ पासून चालू असलेले कोमला विलास हे शाकाहारी उपाहारगृह आहे, म्हणजे भावोजींच्या जेवणाचा प्रश्न रोज एकदा तरी निकालात निघतो. गार्डन्स बाय द बेमधला झाडांवरचा प्रकाश-संगीताचा कार्यक्रम फुकट असतो आणि तो खाली बसून किंवा खुशाल आडवे होऊन पाहता येतो. आमच्या चमूतल्या सर्वांत वयस्कर बाईंना संपूर्ण सहलीत तोच सर्वाधिक आवडला. बॉटनिक गार्डनमध्ये प्रवेशशुल्क नाही, फक्त ऑर्किडच्या बागेला आहे.

बँकॉक स्वस्त आहे आणि थायलंडने जुलै २०२४ पासून भारतीय पर्यटकांना व्हिसाशिवाय साठ दिवसांपर्यंत राहू देण्याचा नियम केला. असे नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशी दूतावासाच्या संकेतस्थळावर पुन्हा पाहावे. परंतु राजवाड्याच्या आवारात उन्हात बरेच चालावे लागते, खांदे व गुडघे झाकलेले लागतात आणि शाकाहारी म्हणून मागवलेल्या भाजीतही माशाचा सॉस असू शकतो. तिथे ‘जे’ असे सांगितले की मांस, मासे, अंडी तर सोडाच, कांदा-लसूणही घालत नाहीत. सिंगापूरला व्हिसा लागतो आणि तो अधिकृत एजंटामार्फत काढावा लागतो. पोहोचण्याच्या दिवसासह तीन दिवसांच्या आत भरायचे आगमनपत्र मात्र विनामूल्य आहे. त्याचे पैसे मागणारी संकेतस्थळे नकली असतात, हे भावाला अवश्य सांगा, कारण शोधताना तीच आधी दिसतात.

महिन्याबद्दल मात्र फेरविचार करावा. डिसेंबर हा सिंगापूरच्या सर्वाधिक पावसाच्या दिवसांत मोडतो, शिवाय तिथल्या शाळांना तेव्हा सुटी असते, म्हणजे गर्दी आणि दर दोन्ही चढे. फेब्रुवारीत पाऊस बराच कमी असतो. लग्नाची तारीख थोडी पुढे-मागे झाल्याने पन्नास वर्षांचे काही बिघडत नाही.

दिनक्रमाचा आमचा नियम साधा होता : सकाळी एक ठिकाण, दुपारी हॉटेलवर विश्रांती, संध्याकाळी एक ठिकाण, आणि ज्याला नको त्याने येऊ नये. ‘एवढे पैसे भरून खोलीत झोपायचे का?’ हे वाक्य आमच्याकडे पहिल्याच दिवशी बंद केले होते. तरुण मंडळींनी दुपारी हवे तिथे भटकावे. नऊ जणांनी चोवीस तास एकत्र राहिलेच पाहिजे असे कुठे आहे?

बाबांचे इन्सुलिन हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. सामानाच्या डब्यात ते गोठून निकामी होऊ शकते. प्रवास विमा घेताना मधुमेह लपवू नका, नाहीतर गरज पडेल तेव्हाच दावा नाकारला जातो. आईंसाठी तिकिटाबरोबरच व्हीलचेअरची मागणी नोंदवावी, त्याचे पैसे पडत नाहीत. त्यांना आवडणार नाही, सुरुवातीला माझ्या पत्नीलाही आवडले नव्हते, पण इमिग्रेशनची रांग पाहिल्यावर ती स्वतःहून बसली.

घणसोलीची सून

जन्मतारखेबद्दल : पूर्वी पुष्कळ मास्तरांनी शाळेत नाव घालताना १ जून ही तारीख टाकली आणि आधार काढताना फक्त वर्ष सांगितलेल्यांना १ जानेवारी मिळाली, त्यामुळे हा घोळ घराघरांत आहे. तुमच्याकडे दाखला आणि पॅन जुळत आहेत, म्हणून दाखल्याच्या आधारे आधारच दुरुस्त करून घ्या. आधारवरील जन्मतारीख सामान्यतः एकदाच बदलता येते, तेव्हा फॉर्म भरताना चष्मा लावून भरावा. ही दुरुस्ती होईपर्यंत बाबांचा पासपोर्टचा अर्ज थांबवा, बाकी पाच जणांचे पुढे जाऊ द्या.

ऐरोली_नाका

सामानाविषयी दोन ओळी. सुके खोबरे तेलकट आणि ज्वलनशील धरले जाते. आमच्या काकूंची अख्खी वाटी विमानतळावर काढून ठेवावी लागली आणि त्या दोन दिवस हळहळत होत्या. सिंगापूरला च्युइंगमबरोबरच खाण्याची तंबाखूही नेता येत नाही, त्यामुळे घरात कोणाची चुन्याची डबी असेल तर ती ठाण्यातच ठेवावी. दुबई ठरली, तर खसखस चालत नाही, म्हणजे अनारसेही नाहीत. पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवावी. तिकिटावर विमानतळ कोणता लिहिला आहे तेही नीट वाचावे, कारण डिसेंबर २०२५ पासून उलव्याचा नवी मुंबई विमानतळही सुरू झाला आहे आणि ठाण्यातून सहार (मुंबईचा जुना विमानतळ) व उलवे यांच्या दिशा अगदी वेगळ्या आहेत.

नौपाडाकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सिंगापूर आणि फेब्रुवारी हे काल रात्री एकमताने ठरले, स्वतःची गाडी करायचेही ठरले. आधार केंद्रात मंगळवारची वेळ मिळाली आहे आणि बाकी पाच अर्ज भाऊ या आठवड्यात भरणार आहे. तंबाखूची ओळ मी मोठ्याने वाचून दाखवली तेव्हा भावोजी काही बोलले नाहीत, फक्त सहल नेमकी किती दिवसांची आहे, एवढेच त्यांनी विचारले.